निळ्या रक्ताचा व्हिडिओ आणि त्यानंतर: आमची वाटचाल

मार्च २०२० मध्ये कराडमधल्या आमच्या डीटीपीच्या दुकानाचं शटर खाली आलं, तेव्हा आत लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधून तयार होते. तारखा गेल्या, पत्रिका रद्दीत गेल्या, कागदवाल्याची उधारी तेवढी राहिली. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवत होते. तास नाही तर पैसे नाहीत, असा तो सरळ हिशोब. नवरा-बायको दोघंही घरी बसलेले आणि कोरलड्रॉ चालेल असा एक कॉम्प्युटर. शाळांसाठी जीवशास्त्राचं साहित्य बनवायचा आमचा धंदा इथून सुरू झाला. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

गल्लीतल्या दहावीच्या मुलांसाठी मी बोलायचे, हे आकृत्या काढायचे, आणि सगळं व्हॉट्सॲपवर जायचं. तिथून फिरत फिरत ते पाटण तालुक्यातल्या एका सरांपर्यंत पोचलं. त्यांनी पेशीच्या धड्याचं पीपीटी मागितलं. रात्री जागून चाळीसेक आकृत्या पाठवल्या. सकाळी सात वाजता फोन, "मॅडम, हे कुठल्या भाषेत आहे?" पत्रिकांचा युनिकोड नसलेला फॉन्ट आम्ही सवयीने वापरला होता. आमच्या कॉम्प्युटरवर 'केंद्रक', 'तंतुकणिका', 'हरितलवक' असं स्वच्छ दिसत होतं. सरांच्या मोबाईलवर मात्र डॉलरची चिन्हं आणि महिरपी कंस. सगळी नावं पुन्हा टाईप केली. पहिल्या गिऱ्हाइकाने पहिल्याच दिवशी शिकवलेला हा धडा, आणि त्याचे पैसेही आम्ही घेतले नव्हते.

तोवर लोक विचारायला लागले होते, की सरकारचं शिक्षणासाठीचं दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, मग तुम्ही नवीन काय करताय? प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. म्हणून धंद्याच्या त्या वयात सगळेच करतात ते आम्ही केलं. काहीतरी भारी करायचं ठरवलं.

भारी म्हणजे हृदय. थ्रीडी, फिरणारं, धडधडणारं. पुण्यातल्या एका मुलाकडून चार मिनिटांचं ॲनिमेशन करून घेतलं आणि त्यात दुकानाची होती नव्हती ती शिल्लक गेली. उजवी बाजू निळी, डावी लाल, रक्त वरच्या कर्णिकेतून खालच्या जवनिकेत उतरतंय, झडपा उघडतायत, मिटतायत. मला स्वतःला ते इतकं आवडलं होतं की मी ते झोपायच्या आधी बघायचे.

आठवड्याभरात एका आईचा व्हॉइस मेसेज आला. त्या दवाखान्यात सिस्टर आहेत. म्हणाल्या, "मॅडम, व्हिडिओ छान आहे. पण माझा मुलगा मला सांगतोय की शिरेतलं रक्त निळं असतं, बाहेर हवा लागली की लाल होतं. मी रोज वीस-पंचवीस जणांचं रक्त शिरेतूनच काढते. बंद नळीत काढते, हवा कुठून लागणार? निळं एकदा तरी दिसायला पाहिजे होतं की नाही?"

मी आधी वकिली केली. निळा रंग हा संकेत आहे, जगभर असाच वापरतात, वगैरे. मग वाटलं, आपल्याच मुलांना विचारून बघू. ऑनलाइन तासाला होती त्यांतल्या बहुतेकांनी निळं असंच सांगितलं. एकीने तर कॅमेऱ्यापुढे मनगट धरून शिरा दाखवल्या, पुरावाच. मी इतकी वर्षं शिकवत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

शिरेतलं रक्त गडद लाल असतं. ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त त्याहून उजळ लाल. मनगटावरची शीर निळसर दिसते ती त्वचेच्या थरांतून प्रकाश ज्या तऱ्हेने परततो त्यामुळे. आत निळं काही नाही. आणि हृदयाकडे परतणारं रक्त ऑक्सिजन संपवून रिकामं आलेलं असतं असंही नाही. माणूस शांत बसलेला असताना त्यातल्या हिमोग्लोबिनचा सुमारे ७० ते ७५ टक्के भाग अजून ऑक्सिजन धरूनच असतो.

दुसरी पंचाईत रंगाची नव्हती, शब्दाची होती. माझ्या निवेदनात 'अशुद्ध रक्त' हा शब्द सहा वेळा होता. आपण सगळे त्याच शब्दावर वाढलो. आता घरात आजी म्हणते, तोंडावर पुटकुळ्या आल्या म्हणजे रक्त अशुद्ध झालंय, कडुलिंबाचा रस घे. मूल हे दोन्ही जोडतं आणि मोकळं होतं: उजव्या कप्प्यात घाण रक्त, ते फुफ्फुसात धुऊन येतं. पुढे फुफ्फुस धमनी आली की गाडी अडते, कारण 'धमनीत शुद्ध रक्त' हे पाठ केलेलं असतं, आणि ही धमनी तर कमी ऑक्सिजनचं रक्त फुफ्फुसाकडे नेते. धमनी म्हणजे हृदयाकडून निघणारी, शीर म्हणजे हृदयाकडे येणारी. शुद्ध-अशुद्धाचा तिथे संबंधच नाही. हे बारावीच्या मुलांनाही मी दरवर्षी नव्याने सांगायचे, आणि दोष त्यांचा समजायचे.

ॲनिमेशन नवीन करायला पैसे नव्हते. मग त्याच सिस्टरना विनंती केली. त्यांनी स्वतःच्या आवाजात अर्धं मिनिट बोलून दिलं: मी रोज रक्त काढते, ते असं दिसतं, पुढच्या चित्रातला निळा रंग फक्त वाट ओळखण्यासाठी आहे. ते आम्ही सुरुवातीला चिकटवलं आणि 'अशुद्ध' जिथे जिथे होतं तिथे आवाज कापून 'कमी ऑक्सिजनचं' असं भरलं. आवाज बदलतो तिथे खटका बसतो. अजूनही बसतो. तो व्हिडिओ तसाच आहे.

दीक्षाच्या प्रश्नाचं उत्तर मला यात सापडलं. आकृती दाखवणारे पुष्कळ आहेत. ती बघून मुलाच्या डोक्यात काय जातं हे विचारत बसायला कुणाला वेळ नाही. तेव्हापासून आम्ही विकतो त्या प्रत्येक धड्याच्या संचात शिक्षकांसाठी एक पान घालतो: 'मुलं काय समजतात'. झाड रात्रीच श्वास घेतं. झाडाला खाणं मातीतून मिळतं. जंतू म्हणजे सगळे वाईट. ही वाक्यं आम्ही रचलेली नाहीत, मुलांनी बोललेली आहेत.

मधल्या काळात एक ॲपही काढलं. पालकांच्या मोबाईलमध्ये लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंग यांतून जागा उरत नाही हे कळल्यावर बंद केलं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरा पैसा संचातूनच येतो: पीपीटी, कृतिपत्रिका, छोटी चाचणी, आणि प्रयोगशाळा नसेल तर काय करायचं याची सूचना. व्हिडिओ फुकट ठेवले आहेत. शाळा जूनमध्ये चौकशी करतात आणि बिल ३१ मार्चच्या आधी मागतात. मधले नऊ महिने शिक्षक स्वतःच्या खिशातून घेतात, याचं मला वाईटही वाटतं आणि दुकान त्यावरच चालतं. एका क्लासवाल्याने एक संच घेऊन, आमचं नाव पुसून, सगळ्या शाखांत वाटला. कोपऱ्यातली आमची एक शुद्धलेखनाची चूक मात्र तशीच ठेवली, त्यावरून आम्ही ओळखला.

प्रजननाच्या धड्याची गोष्ट वेगळी. दहावीच्या पुस्तकात तो 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' या नावाखाली आहे, आणि कित्येक वर्गांत तो "घरी वाचून या" एवढ्यावर संपतो. शिक्षकांना माहिती कमी नसते, पहिलं वाक्य सुचत नसतं. म्हणून त्या संचात आम्ही तीच लिहून देतो, अगदी बोलायची वाक्यं, मुलं हसली तर काय म्हणायचं यासकट. पालकांसाठी व्हिडिओ न करता नुसता ऑडिओ केला. आई भाकरी थापताना ऐकू शकते, आणि कुणी मागून येऊन पडद्यावर काय चाललंय म्हणून डोकावत नाही. एका वडिलांनी विचारलं, यात आमच्यासाठी काही नाही का? नव्हतं. मग यांनी स्वतःच्या आवाजात केलं. तीन वेळा थांबले, पण केलं.

सूक्ष्मदर्शकाचंही असंच. बऱ्याच शाळांत तो कपाटात असतो आणि किल्ली बदली झालेल्या सरांकडे. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनु प्रकाश यांनी फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक पुढे आणला, त्यातले काही आम्ही मागवले आणि अजून वापरतो. पण ज्यांच्याकडे तोही नाही त्यांना जुन्या लेझर पॉइंटरमधलं बारीक भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटवायला सांगतो. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असते, एवढ्यावर दिसते. पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा सोलायचा, जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब पाण्यात पातळ करून त्यावर सोडायचा, खिडकीकडे धरायचा. विटांच्या भिंतीसारख्या ओळी दिसतात आणि एकेका विटेत पिवळसर ठिपका. पापुद्रा दुमडला तर काहीच कळत नाही, आणि तो दुमडतोच. सूचनेत आम्ही 'तीन कांदे आणा' असं लिहितो. पहिले दोन वाया जातात.

कृतिपत्रिका आम्ही सुरुवातीला रंगीत करायचो. शाळेत झेरॉक्स काळी-पांढरी, त्यात लाल आणि निळा दोन्ही सारखेच करडे. पाटणच्याच सरांनी सांगितलं, रंग काढूनच टाका. आता हृदयाची नुसती रेघांची आकृती देतो आणि मुलांना रंगवायला सांगतो, कोणता रंग ते न सांगता.

मागच्या सत्रात सरांनी एका मुलाच्या कागदाचा फोटो पाठवला. त्याच्याकडे लाल खडू एकच होता. डावीकडचे कप्पे त्याने हलक्या हाताने रंगवले होते, उजवीकडचे इतके दाबून की कागद फाटायला आला होता. सरांनी खाली लिहिलं होतं, "याला बोर्डात मार्क मिळतील का?"

मी कळवलं, बोर्डाच्या पेपरात आकृती पेन्सिलनेच काढायची असते.