उचलून नेता येणारी आगगाडी

जत्रेचे पाळणे जसे उभे करतानाच उतरवण्याचा विचार करून बांधतात, तशी आगगाडी बांधता येईल का? पॅरिसच्या १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात दकोव्हील कंपनीने बांधून दाखवली. सेन नदीकाठच्या अँव्हालिद मैदानापासून आयफेल मनोऱ्याजवळून यंत्रदालनाकडे जाणारी, जेमतेम तीन किलोमीटरची. दोन रुळांमधलं अंतर ६०० मिलिमीटर. सहा महिन्यांत साठ लाखांहून जास्त माणसं तिच्यात बसली.

खरी गंमत रुळांत. पोलादी स्लीपरांना (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांना) रूळ कारखान्यातच रिव्हेट करून तयार चौकटी आणायच्या, जागेवर मांडायच्या, फिशप्लेटने, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीने, जोडायच्या. खिळे ठोकायला नकोत की अंतर मोजत बसायला नको. मात्र असा हलका रूळ जड इंजिन सोसत नाही. खालची खडी सैल झाली की सांधा खचतो, खचलेल्या सांध्यावर दर चाकाचा दणका बसतो आणि तो आणखी खचतो.

म्हणून एका आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) तीन टनांपेक्षा जास्त भार नको, अशी अट होती. ओढायला ताकद हवी, तर आस वाढवा. पण आस वाढले की लांब इंजिन तीव्र वळणात अडकतं. यावर अभियंते अनातोल मॅले यांचा तोडगा: चार आस, पण दोन-दोनच्या जोड्या. मागची जोडी पक्की, पुढची बिजागरीवर वळणारी. मागच्या सिलिंडरांत आधी जोराची वाफ, तिथून निघालेली कमी दाबाची वाफ पुढच्या मोठ्या सिलिंडरांत. वाफेच्या नळीचा हलता सांधा फक्त या दुसऱ्या, कमी दाबाच्या वाफेच्या वाटेवर येतो, त्यामुळे गळती कमी. हा मला त्यातला सगळ्यात हुशार भाग वाटतो. माथेरानच्या गाडीलाही अशीच वळणं आहेत. तिथल्या जुन्या जर्मन इंजिनांनी क्लीन-लिंडनर पद्धतीचे वळणारे आस वापरून तीच अडचण वेगळ्या वाटेने सोडवली.

पॅरिसात धोका इंजिनापेक्षा प्रवाशांनाच जास्त. डबे बाजूंनी उघडे आणि झाडं अगदी रुळाला लागून! हात, पाय, डोकं बाहेर काढू नका, असं सांगणारे फलक अनेक भाषांत लावावे लागले.

प्रदर्शन संपल्यावर रूळ उचलले गेले. वीस वर्षांच्या परवान्यावर उभा केलेला मनोरा मात्र तिथेच राहिला. याच रुंदीची फ्रान्समधली तूरी–पितिव्हिए गाडी १८९२ मध्ये सुरू झाली आणि १९६४ पर्यंत शेतातलं बीट साखर कारखान्याकडे ओढत होती.