ब्राझील टायब्रेकरला हरलं नव्हतं

२०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये ब्राझील क्रोएशियाविरुद्ध टायब्रेकरनंतर, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या पेनल्टींनंतर, बाहेर पडलं. त्या मॅचचा विषय निघाला की आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत अजून एक वाक्य ठरलेलं असतं, "टायब्रेकर म्हणजे नशिबाचा खेळ, सोड की मर्दा." मला ते सोडता येत नाही. ९ डिसेंबर २०२२ च्या रात्री ब्राझीलचं नशीब फुटलं असं जे म्हणतात त्यांनी जादा वेळेची शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा एकदा बघावीत. मी बऱ्याचदा बघितली आहेत. दर वेळी माझं मत आणखी पक्कं होतं की ती मॅच ब्राझीलचा प्रशिक्षक टिटेनं बाकावर बसून घालवली. पेनल्टी नंतर आल्या.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना वाटेल, ब्राझील हरलं तर ह्यांना एवढं काय? वर्ल्डकप आला की आमच्याकडं घरंसुद्धा दोन भागांत वाटली जातात, ब्राझील आणि अर्जेंटिना. चौकात कटआऊट लागतात, गल्लीवर आडवे झेंडे ताणले जातात, सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांना टोमणे मारतात. पण ही नुसती चार वर्षांतनं एकदा चढणारी हौस नाही. हीच माणसं हंगामभर शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ह्या इथल्या तालमी-मंडळांच्या फुटबॉल संघांच्या मॅच बघत असतात. ह्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. त्यामुळं एक गोलची आघाडी कशी टिकवायची आणि टायब्रेकरला कुणाला पुढं करायचं, ह्यावर इथला चहाच्या गाड्यावरचा माणूसही बोलतो, आणि बघून बघून शिकलेलं बोलतो.

आता मॅच. आपल्याकडं रात्री साडेआठला सुरू झाली होती. नव्वद मिनिटं गोल नाही. क्रोएशियाचे मोद्रिच, ब्रोझोविच, कोवाचिच हे तीन हाफ, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, बॉल एकमेकांत फिरवत ब्राझीलला पळवत होते. मोद्रिच तेव्हा ३७ वर्षांचा! व्हिनिसियसला त्यांच्या युरानोविचनं बांधून ठेवलं होतं. टिटेनं ६४ व्या मिनिटाला व्हिनिसियसला बाहेर काढलं तेव्हाच आमच्या मंडळासमोर कुजबुज सुरू झाली. नव्वद मिनिटांत कधीही एका चालीत मॅच फिरवू शकेल असा पोरगा तुम्ही बसवता, तर त्याच्या बदल्यात काहीतरी मोठं मिळायला पाहिजे. ते मिळालं नाही.

मग जादा वेळेच्या पहिल्या भागाच्या अगदी शेवटी नेमारचा गोल. रॉड्रिगोशी देवाणघेवाण, मग पाकेटाशी, गोलकीपरला चुकवून वरच्या जाळीत. पेलेच्या ब्राझीलसाठीच्या ७७ गोलांशी बरोबरी. त्या गोलबद्दल मी अजून तासभर बोलू शकतो. एवढ्या अरुंद जागेत, एवढ्या दमलेल्या पायांनी असली चाल फक्त ब्राझीलच करू जाणे.

इथून पुढं पंधरा मिनिटं काढायची होती, बस्स.

आमच्या मंडळाच्या पडद्यासमोर आण्णा बसले होते. पेठेतल्या तालमीचे जुने गोलकीपर, उजव्या हाताची करंगळी कधीकाळी मोडलेली, ती अजून वाकडीच आहे. सगळे गोलचा जल्लोष करत होते आणि आण्णा त्या वाकड्या करंगळीनं पडद्याकडं दाखवत विचारत होते, "आता कोण येतंय आत, ते बघा." आत आले फ्रेड आणि आलेक्स सांद्रो. पाकेटा आणि मिलिताव बाहेर. आण्णांनी लगेच मान हलवली. "फॅबिन्यो कुठाय?"

ह्या एका प्रश्नात सगळी मॅच आहे. फ्रेड हा धावणारा, समोरच्यावर चढणारा हाफ आहे. तो चांगला खेळाडू आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण एक गोल पुढं असताना बचावफळीच्या पुढ्यात ठाण मांडून बसेल असा हाफ हवा असतो, आणि तो फॅबिन्यो होता. तो शेवटपर्यंत बाकावरच राहिला. कासेमिरोला जोडीदार मिळाला तो त्याच्या बाजूला थांबणारा नव्हता, पुढं पळणारा होता.

११७ वं मिनिट. शिट्टीला तीन-चार मिनिटं उरली होती. आपण ब्राझीलवाले एक गोलनं पुढं, आणि ब्राझीलचे अर्ध्याहून जास्त खेळाडू क्रोएशियाच्या भागात दाबायला गेलेले. बॉल निसटला, ओर्शिच डाव्या बाजूनं मोकळ्या मैदानात सुटला, मागं पास, पेटकोविचचा डावा पाय, मार्किन्योसला लागून दिशा बदलली, गोल. १२० मिनिटांत क्रोएशियाचा गोलपोस्टवर गेलेला तो एकमेव फटका होता. लोक म्हणतात, बघा, मार्किन्योसला लागला, नशीब! पण तो फटका मारण्याइतकी जागा पेटकोविचला कुणी दिली? "बॉल कॉर्नरला नेऊन धर की रं!" असं त्या वेळी आमच्या मंडळासमोरची बारकी पोरंसुद्धा ओरडत होती. तालमीच्या मॅचला प्रेक्षकांतनं हाच आवाज येतो. कॉर्नरच्या झेंड्यापाशी बॉल धरायचा, समोरच्याच्या अंगाला लावून थ्रो मिळवायचा, पुन्हा धरायचा. दिसायला वाईट दिसतं, पण मॅच जिंकतात.

दुसऱ्या बाजूला क्रोएशियाचा प्रशिक्षक डालिच बघा. पास देणारा ओर्शिच आणि गोल करणारा पेटकोविच, दोघंही बदली म्हणून आलेले. ओर्शिच तर ११४ व्या मिनिटाला आला. मागं पडल्यावर कुणाला आणायचं हे त्याला ठाऊक होतं. पुढं गेल्यावर कुणाला आणायचं हे टिटेला ठरवता आलं नाही.

आता टायब्रेकर. इथं तर मला कुणाचंही नशीब ऐकून घ्यायचं नाही. क्रोएशियानं २०१८ मध्ये डेन्मार्क आणि रशिया दोघांना टायब्रेकरला घालवलं होतं. चारच दिवस आधी जपानविरुद्ध त्यांचा गोलकीपर लिव्हाकोविचनं तीन पेनल्टी अडवल्या होत्या. म्हणजे समोर कोण उभा आहे हे जगाला माहीत होतं. पहिली पेनल्टी क्रोएशियाची, व्लाशिचनं मारली. आपल्याकडून पहिला कोण? २१ वर्षांचा रॉड्रिगो. लिव्हाकोविचनं डावीकडं झेपावून अडवली. तिथून ब्राझील मागं पडलं ते पडलंच. कासेमिरो आणि पेद्रोनं मारल्या, मार्किन्योसची खांबाला लागली. ४-२. पाचव्या नंबरला ठेवलेला नेमार मधल्या रेषेवर तसाच उभा, त्याची पाळी आलीच नाही.

नंतर टिटेनं सांगितलं की पाचव्या पेनल्टीवर सगळ्यात जास्त दडपण असतं म्हणून ती नेमारला ठेवली होती. आण्णांना हे पटलं नाही, आणि पस्तीस यार्डावरून आलेल्या फटक्यापेक्षा पेनल्टीचा अभ्यास त्यांनी जास्त केलाय. ते म्हणतात, "गोलकीपरला पहिली अडवली की अंगात येतंय. मग पुढच्याला गोल बारका दिसायला लागतो. म्हणून पहिली सगळ्यात भरवशाच्या पायाला द्यायची." त्यात समोरचा संघ आधी मारणार असेल तर पहिल्या पेनल्टीलाच तुम्ही बरोबरी साधायला धावत असता. पाचवी येईलच असं कोण सांगणार?

आणि त्याच रात्री, साडेबाराला, पलीकडच्या गल्लीत अर्जेंटिनावाल्यांची मॅच होती. त्यांचीही २-० ची आघाडी नेदरलँड्सनं अगदी शेवटच्या क्षणी फेडली. त्यांचाही टायब्रेकर. अर्जेंटिनाची पहिली पेनल्टी मारायला मेस्सी आला. फायनललाही पहिला मेस्सीच. त्यांचा प्रशिक्षक स्कालोनीनं वेगळं केलं आणि बरोबर केलं, हे मी ब्राझीलवाला असूनही मान्य करतो. त्या रात्री तिकडून फटाक्यांचा आवाज येत होता आणि मला राग अर्जेंटिनाचा नाही, आमच्याच प्रशिक्षकाचा येत होता.

टिटेवर अन्याय करायचा नाही. २०१९ ची कोपा अमेरिका त्यानंच जिंकून दिली. कॅमेरूनच्या मॅचमध्ये गाब्रिएल जेसुस आणि आलेक्स टेलेस दुखापतीनं स्पर्धेबाहेर गेले, आलेक्स सांद्रोही धड नव्हता, म्हणून डावीकडं डानिलोला खेळवावं लागलं. ह्यात त्याचा दोष नाही. पण २६ जणांत नऊ फॉरवर्ड निवडले ते त्यानंच. दक्षिण कोरियाला ४-१ हरवताना ते फॉरवर्ड शोभून दिसले, मीही नाचलो. अटीतटीच्या मॅचला मात्र मॅच बंद करता येणारी माणसं लागतात. २०१८ मध्ये बेल्जियमविरुद्ध कझानला हाच टिटे पहिल्या अर्ध्यात दोन गोलनं मागं पडला होता, त्यातला दुसरा काउंटरवर, म्हणजे उलट्या हल्ल्यात. डी ब्रुयनेचा तो गोल आठवा: आपला कॉर्नर, तिथून लुकाकू बॉल घेऊन सुटला आणि मागं अडवायला माणसंच नव्हती. चार वर्षांनी पुन्हा तेच दुखणं. एकाच जागी दोनदा मार खाल्ला तर ती सवय असते.

आण्णांशी माझा एका बाबतीत वाद आहे. ते म्हणतात, प्रशिक्षक बाहेर असतोय, आत कासेमिरो होता, थियागो सिल्वासारखा कप्तान होता, त्यांनी हात वर करून सगळ्यांना मागं बोलवायला पाहिजे होतं. तालमीत असा एक तरी माणूस असतोच जो ओरडून संघ मागं खेचतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरी मला वाटतं, चार वर्षांत तुम्ही संघाला मागं बसायला शिकवलंच नसेल तर शेवटच्या चार मिनिटांत कप्तान ते कुठून आणणार?

टिटे गेला. तो वर्ल्डकपनंतर जाणार हे आधीच जाहीर होतं. पण २०२४ च्या कोपा अमेरिकेत उरुग्वेविरुद्ध काय झालं? गोल नाही, समोरचा संघ शेवटची पंधरा-वीस मिनिटं दहा जणांत, तरी तोडता आलं नाही आणि पुन्हा टायब्रेकर, पुन्हा ४-२. त्या टायब्रेकरच्या आधी खेळाडू कोंडाळं करून बोलत होते आणि प्रशिक्षक डोरिवाल बाहेरून आत शिरायला जागा शोधत होता, ते दृश्य बघून मला पोटात कालवलं. कुणाला कितवी पेनल्टी हे ठरवायची ती वेळ, आणि ठरवणारा माणूस घोळक्याबाहेर.

२०२५ मध्ये कार्लो अँचेलोटीला आणलं. चॅम्पियन्स लीग प्रशिक्षक म्हणून पाच वेळा जिंकलेला माणूस. व्हिनिसियस आणि रॉड्रिगो त्याच्याच हाताखाली माद्रिदला मोठे झाले. पहिल्या अकरांत तो कुणाला घेतो ह्यावर आमच्याकडं रोज भांडणं चालतात, त्यात मला फारसा रस नाही. बाद फेरीत ब्राझील एक गोलनं पुढं जाईल तेव्हा तो बाकावरून कुणाला उठवतो, मी तेवढं बघणार आहे. आण्णांनाही सांगून ठेवलंय, शेजारीच बसा.