चिठ्ठी मिळाली, पुढं काय?

फिजिओथेरपिस्ट घरी आली की लोक आधी मुलाचे पाय उघडे करून दाखवतात. मी म्हणते, पाय राहू द्या, याला भरवता कसं ते दाखवा.

नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर रोशनच्या आजीलाही मी हेच म्हटलं (नाव अर्थातच बदललंय). रोशन अडीच वर्षांचा. जन्मल्यावर रडला नव्हता, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं, त्यातून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन अंगाच्या हालचालींवर ताबा नाही. आजीनं त्याला मांडीवर आडवा घेतला, मान तिच्या दंडावरून मागं लोंबत होती. वरून चमच्यानं नागलीची पातळ पेज ओतली. ठसका. पाठीची कमान झाली, पेज गळ्यावरून बंडीत. पुसलं, परत ओतली, परत ठसका. "पोटभर खायाला लई येळ लागतो बाई," आजी म्हणाली. आई मजुरीला गेलेली. अंगणवाडीच्या कार्डावर वजन लाल पट्ट्यात, म्हणून सेविका जास्तीचा आहार देत होती. पण आहार घशापासून पुढं जायला तर हवा!

मान मागं पडली की पेज श्वासनलिकेकडं जायची शक्यता वाढते, आणि अशा ताठ मुलाचं अंग ठसक्यानं आणखी ताठ होतं. म्हणून त्याला आजीच्या मांडीत बसता केला. कमरेत वाकवलेला, खांदे थोडे पुढं, हनुवटी किंचित खाली. चमचा वरून नाही, समोरून, तोंडाच्या पातळीत आणायचा. जिभेवर हलकासा दाबायचा आणि थांबायचं. ओठ त्यानं मिटायचे, आपण चमचा दातांवर खरवडून काढायचा नाही. पेज घट्ट करा म्हटल्यावर आजी घाबरली. "घट्ट केली तं अडकंल ना?" सगळ्यांनाच तसं वाटतं. खरं तर पातळ पदार्थ घशातून सुसाट जातो, मुलाला सावरायला वेळच मिळत नाही. घट्ट पेजेचा तिसरा चमचा ठसक्याशिवाय गेला. आजीनं माझ्याकडं बघितलंच नाही, ती चौथा भरायच्या गडबडीत होती.

(तरीही ठसका थांबत नसेल, छाती सारखी भरत असेल, तर हे घरचं काम नाही. डॉक्टरांकडंच जायचं.)

आता हे त्या बाईला अडीच वर्षं कुणीच का सांगितलं नव्हतं? रोशन कुणाच्या नजरेला पडला नव्हता असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, मुलं तपासतात. रोशनलाही त्यांनी पहिल्या वर्षातच हेरलं होतं. हे काम खरंच चांगलं चाललंय, उगाच नावं ठेवायची नाहीत. त्याला चिठ्ठी दिली: नाशिकला दाखवा. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावं, तिथं बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि बोलणं बघणारे, मानसतज्ज्ञ असे सगळे एका छताखाली भेटावेत, अशी त्या योजनेची मूळ रचना. कागदावर उत्तम.

पण पाड्यावरून पेठ, पेठहून एसटीनं सावळघाट ओलांडून पन्नासेक किलोमीटर नाशिक, मान न धरणारं पोर कडेवर, दोघांचा रोज बुडालेला. एवढ्यावर तपासणी होते, व्यायाम दाखवतात, पुढच्या आठवड्याची तारीख मिळते. पुढच्या आठवड्यात कोण येणार? त्यात ऑक्टोबर छाटणी लागली की निम्मा पाडा दिंडोरीकडं द्राक्षबागांवर जातो. मूल आईबरोबर बागेच्या कडेला झोळीत आणि त्याचं नाव पाड्यावरच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात. मग शेरा पडतो: 'पालक सहकार्य करत नाहीत.' हा शेरा वाचला की माझं डोकं फिरतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की थेरपी मुलाला देऊन भागत नाही, ती त्याला उचलणाऱ्या, भरवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या हातांना द्यावी लागते. मी अर्धा तास हात लावणार. बाकीचा आठवडा आजीचा. मेंदू सगळ्यात जास्त घडतो तो पहिल्या तीन वर्षांत, आणि ती वर्षं मूल कुठल्याही केंद्रात नसतं, चुलीपाशी असतं.

त्यातल्या त्यात जवळची जागा म्हणजे अंगणवाडी. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. मुलं लवकर ओळखा, अंगणवाडीत सामावून घ्या, गरज असेल तिथं पुढं पाठवा. दिशा बरोबर आहे. पण सेविकेकडं आधीच वजनं, पोषण ट्रॅकर, रजिस्टरं, गृहभेटी. त्यावर आणखी एक तक्ता लादून काय होणार? मला विचाराल तर प्रत्येक बीटला, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाला, एक थेरपिस्ट नेमा, जी महिन्यातून ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत बसेल आणि सेविका नि आजी दोघींना एकदम शिकवेल. छाटणीच्या हंगामात तिलाही बागांवर पाठवा. मूल जिथं आहे तिथं मदत गेली पाहिजे.

आता नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवाल्यांनी हसू नये. शहरात पैसा आहे, क्लिनिकं आहेत, आणि दोन वर्षांचं मूल बोलत नाही म्हटल्यावर घोषवाक्य एकच: "मोबाइल बंद करा, बोलेल." मोबाइल बंद कराच. पण कान तपासले का? जन्मल्यावर पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा कानांचा हिशोब आहे. आपल्याकडं मात्र "याचा बापही उशिराच बोलला" म्हणत दोन दिवाळ्या निघून जातात. दुसरं खूळ बाळाला बसवून फिरवायच्या चाकांच्या वॉकरचं. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आपण अजून बारशाला आहेर देतो. चवड्यांवर चालणाऱ्या ताठ पायांच्या मुलाला तर तो मुळीच देऊ नका.

आणखी एक गैरसमज: दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत थांबायचं. कशाला? मूल आठ-नऊ महिन्यांचं होऊनही बसत नाही, दीड वर्षाचं होऊनही चालत नाही, एवढं कारण काम सुरू करायला पुरेसं आहे. निदानाचं नाव नंतर ठरू दे. अनेकदा ते ठरतच नाही, मूल पुढं निघून जातं. मात्र सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असं निदान झालंच असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज करा. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. "डोक्यावर शिक्का बसेल" म्हणून कार्ड न काढणारी घरं मी बघते तेव्हा रजनीताई लिमये आठवतात. १९७७ साली त्यांनी याच नाशकात मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा उभी केली, तेव्हा लोक अशी मुलं पाहुण्यांसमोर आणत नसत. शाळेची वाट त्यांनी घालून दिली. शाळेच्या आधीची वर्षं अजून मोकळीच पडली आहेत.

रोशनला आता कोपऱ्याची खुर्ची हवी आहे. काटकोनातली पाठ दोन्ही खांदे पुढं धरते, मधला खुंट पाय फाकवून ठेवतो, समोर छोटी फळी. बाजारात तिचे हजारो रुपये पडतात. आम्ही ती पुठ्ठ्याची करतो: थरावर थर, एक उभा एक आडवा, मैद्याच्या खळीनं चिकटवायचे, वर वजन ठेवून वाळवायचे, बाहेरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या. नीट वाळली तर मोठा माणूससुद्धा बसू शकतो, मी बसून बघितलंय. त्यासाठी पाच किंवा सात प्लायची (थरांची) जाड खोकी लागतात. अंबड, सातपूरला कंपनीत असणाऱ्यांनो, मशिनरीची खोकी आली की भंगारवाल्याला देण्याआधी खाली कॉमेंट टाका. ओली झालेली नकोत, पिना काढलेल्या असल्या तर फारच बरं. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन येते.