ओरडणाऱ्या पट्ट्या : जुन्या सिंथेसायझरच्या कॉन्टॅक्ट-सफाईची नोंद

माझ्या जुन्या सिंथेसायझरच्या वीजपुरवठ्याचे काम आटोपल्यावर पट्ट्यांकडे वळायचे असे ठरले होते, आणि त्याप्रमाणे गेले तीन रविवार हेच काम चालू आहे. यंत्र १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातले, ६१ पट्ट्यांचे, व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते ओळखणे) आणि आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवरचा जास्तीचा दाब ओळखणे) दोन्ही असलेले. तक्रार दोन प्रकारची होती : तीन पट्ट्या अजिबात वाजत नव्हत्या, आणि नऊ पट्ट्या कितीही हळू दाबल्या तरी पूर्ण जोराने ओरडत होत्या. सुरुवातीला मी दोष फक्त मुक्या पट्ट्यांना दिला. ज्या पट्ट्या इतक्या जोरात वाजतात त्यांचे कॉन्टॅक्ट, म्हणजे पट्टी दाबल्यावर जुळणारे वीजजोड, स्वच्छच असणार, हा माझा तर्क वरवर बिनचूक वाटत होता. प्रत्यक्षात तो साफ उलटा निघाला आणि त्यापायी एक पूर्ण रविवार वाया गेला.

पट्टी किती जोरात दाबली हे असे यंत्र प्रत्यक्ष मोजत नाही. ते वेळ मोजते. प्रत्येक पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात. पट्टी खाली जाताना पहिला जुळतो तेव्हा मोजणी सुरू होते आणि दुसरा जुळतो तेव्हा ती थांबते. मधला अवधी जितका कमी तितकी व्हेलॉसिटी जास्त. आता पहिल्या कॉन्टॅक्टवर मळ बसला असेल, तर तो आपल्या जागी जुळत नाही, पट्टी आणखी खाली दाबली गेल्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या अगदी थोडा आधी जुळतो. अवधी आखडतो आणि हळुवार स्पर्शही यंत्राला धपाट्यासारखा भासतो. दुसरा कॉन्टॅक्ट मळला तर मात्र स्वर दबका येतो किंवा येतच नाही. थोडक्यात, ओरडणारी पट्टी आणि मुकी पट्टी यांचा रोग एकच, फक्त जागा वेगळी. हे ध्यानात आल्यावर मी पहिल्या रविवारी बंद केलेले यंत्र दुसऱ्या रविवारी पुन्हा उघडले.

उघडण्यापूर्वी केलेली दोन कामे मात्र दोन्ही वेळा उपयोगी पडली. एक, यंत्रातले सगळे आवाज मिडीवरून, म्हणजे वाद्य आणि संगणक यांना जोडणाऱ्या प्रणालीवरून, संगणकात उतरवून ठेवले, कारण स्मृती जपणारी बॅटरी जुनी आहे आणि खटपटीत ती सुटली तर सगळेच पुसले जाईल. दुसरे, प्रत्येक पट्टी हळू, मध्यम आणि जोरात अशी तीनदा दाबून मिडी मॉनिटरवरचे आकडे वहीत लिहून काढले. ६१ पट्ट्यांच्या यंत्रात सर्वांत खालच्या पट्टीचा क्रमांक ३६, मधल्या सा-चा, म्हणजे मिडल सी-चा ६० आणि शेवटच्या पट्टीचा ९६ येतो. व्हेलॉसिटी १ ते १२७ मध्ये असते. निरोगी पट्टीचे माझ्या हाताचे आकडे साधारण २५, ६५ आणि ११० असे पडत होते. क्रमांक ६२ ने तिन्ही वेळा १२७ दाखवले. कानांना जे नुसते ‘जोरात’ वाटते ते कागदावर असे उभे राहिले की पुढची दिशा आपोआप कळते. यंत्राची वायर भिंतीतून काढली, वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावायचा नाही असे स्वतःला बजावले आणि मग स्क्रू काढले.

पट्ट्या काढण्याचा क्रम यंत्रागणिक बदलतो. माझ्या यंत्रात आधी पांढऱ्या निघतात आणि त्यानंतरच काळ्यांना जागा मिळते. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला एक लहान स्प्रिंग आहे आणि ती सुटताना उडते, म्हणून एका हाताने तिच्यावर जुना रुमाल धरणे भाग पडते. पट्ट्यांच्या पोटात पेन्सिलने क्रमांक घातले. आफ्टरटचचा दाब टिपणारी लांब फीत पुढच्या बाजूला पसरलेली असते. तिला वाकवायचे नाही आणि तिच्यावर अल्कोहोल सांडू द्यायचे नाही.

खरे काम त्याखाली आहे. सर्किट बोर्डावर रबराच्या पाच स्ट्रिप बसवलेल्या आहेत, चार बारा पट्ट्यांच्या आणि शेवटची तेरा पट्ट्यांची. स्ट्रिपच्या खालच्या बाजूला असलेले बारीक रबरी खुंट बोर्डाच्या भोकांतून आरपार ओढून बसवलेले असतात. ते खेचून काढायला गेलो तर तुटतात. बोर्डाच्या मागून बोथट दाभणाने हलकेच ढकलले की एकेक करून सुटतात. पहिली स्ट्रिप उलटी केली तेव्हा प्रत्येक डोमच्या, म्हणजे पट्टीखालच्या रबरी फुगवट्याच्या, आत कार्बनची दोन काळी वर्तुळे दिसली, एक किंचित खाली आणि एक किंचित वर. बहुतेक वर्तुळे शाईच्या ठिपक्यासारखी मंद काळी होती. क्रमांक ६२ खालचे पहिले वर्तुळ मात्र चमकत होते. भिंगातून पाहिल्यावर त्याच्यावर तेलासारखा पातळ थर आणि त्या थरात रुतलेला एक केस दिसला. बाराही बिघडलेल्या पट्ट्यांचा हिशेब त्या एका केसात होता असे म्हणणार नाही, पण त्या पट्टीपुरता होता. जुने रबर स्वतःच असा स्निग्ध थर सोडते, त्यामुळे यंत्र झाकून ठेवले होते म्हणून ते स्वच्छ असेल, असे धरून चालता येत नाही.

मल्टिमीटरची दोन टोके वर्तुळावर हलकी टेकवून रोध मोजला. चांगल्या वर्तुळांवर काही शे ओहम मिळाले, ६२ च्या पहिल्या वर्तुळावर ३० किलो-ओहमच्या वर. टोके किती दाबली यावर हा आकडा नाचतो, म्हणून त्याला स्वतंत्र अर्थ देऊ नये. एकाच हाताने, एकाच दाबाने शेजारच्या वर्तुळांशी तुलना करावी. नऊही ओरडणाऱ्या पट्ट्यांत जास्तीचा रोध पहिल्याच वर्तुळावर सापडला, तेव्हा खरे सांगायचे तर स्वच्छतेपेक्षा तर्क जुळल्याचा आनंद अधिक झाला.

सफाईची पद्धत साधी आहे आणि तिच्यात उत्साह घातक ठरतो. बोर्डावरच्या कार्बनच्या बोटांसारख्या गुंतलेल्या रेषा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसल्या. रबरी वर्तुळांना आधी कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मग स्वच्छ पाणी, आणि पूर्ण वाळल्यावर गरज वाटली तरच अल्कोहोलचा एक हलका हात. कापूस गुंडाळलेल्या काडीने सुरुवात केली होती, पण तिचे तंतू डोममध्ये अडकू लागल्यावर ती बाजूला ठेवली. कापडावर थोडा काळा डाग येणे स्वाभाविक आहे. तो वाढत चालला तर आपण मळ नव्हे, कार्बनच पुसत आहोत असे समजून थांबावे. पॉलिशपेपर, खोडरबर आणि गंज सोडवणारे स्प्रे यांना इथे थारा नाही.

पट्ट्यांखाली धातूच्या तारा असलेल्या आधीच्या पिढीतल्या वाद्यांना हे नियम जसेच्या तसे लागू करू नयेत. १९७० च्या मिनीमूगमध्ये ४४ पट्ट्या आहेत आणि व्हेलॉसिटी नाही. तिथे वाकवलेल्या बारीक तारा बसबारला, म्हणजे धातूच्या सामाईक दांडीला, टेकतात, धूळ आणि ऑक्साइड हे शत्रू, आणि तारेचा बाक बिघडू न देणे हीच मुख्य काळजी.

सगळ्या स्ट्रिप परत बसवून चाचणी घेतली, तर नऊपैकी आठ ओरडणाऱ्या पट्ट्या शहाण्या झाल्या होत्या आणि तीनपैकी दोन मुक्या पट्ट्या बोलू लागल्या होत्या. तिसरी, क्रमांक ५३, गप्पच. तिच्या बोर्डावरच्या रेषा तारेच्या तुकड्याने थेट जोडल्या तरी स्वर येईना, म्हणजे रबराचा संबंधच संपला. अशा यंत्रात पट्ट्या आडव्या-उभ्या ओळींच्या जाळ्यात जोडलेल्या असतात आणि प्रत्येक कॉन्टॅक्टसोबत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड असतो. ठरावीक अंतरावरच्या अनेक पट्ट्या एकदम बंद असत्या तर सामाईक ओळीवर किंवा रिबन केबलवर संशय घेतला असता. एकटीच बंद असल्याने तिचा डायोड तपासला. डायोड ठणठणीत होता, एका दिशेने ०.५८ व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच नाही, पण त्याच्या पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल भेग होती. जुने सोल्डर काढून नवे भरायला दोन मिनिटे लागली, भेग शोधायला सव्वा तास.

याच चाचणीत एक नवा बिघाडही मीच निर्माण केला होता. क्रमांक ७६ आधी उत्तम होती, ती आता दगडासारखी जड लागत होती. डोम दबताना आतली हवा बाहेर जाण्यासाठी स्ट्रिपच्या खाली बारीक खाचा असतात, आणि एक खुंट अर्धवट बसल्यामुळे रबर दुमडून ती वाट बंद झाली होती. खुंट मागून चिमट्याने हलका ओढून घेतल्यावर पट्टी पूर्ववत झाली. स्ट्रिप उलट्या दिशेने बसवण्याची चूक टळली ती केवळ आधी काढलेल्या फोटोंमुळे. तसे झाले असते तर पहिला आणि दुसरा कॉन्टॅक्ट यांची अदलाबदल होऊन सगळीच मोजणी बिनसली असती.

आता उरली आहे नववी ओरडणारी पट्टी, क्रमांक ७१. तिच्या पहिल्या वर्तुळावरचा कार्बन झिजून रबराचा राखाडी रंग दिसू लागला आहे, आणि तिथे सफाईने काही होण्यासारखे नाही. पेन्सिलीचे शिसे घासून पाहिले, ते दोन दिवस टिकले. विद्युतवाहक ग्राफाइट रंग लावायचा आहे, पण तोपर्यंत ६० ते ७१ ची स्ट्रिप सर्वांत खालच्या ३६ ते ४७ च्या स्ट्रिपशी बदलून टाकली. दोन्ही बारा पट्ट्यांच्या असल्याने त्या तंतोतंत बसल्या. त्यामुळे तो झिजलेला डोम सध्या ४७ च्या खाली आहे, जिथे माझा डावा हात क्वचितच जातो. कालच्या मोजणीत तिथे दहा वेळांपैकी तीनदा १२७ आले, आणि ७१ वर अनुक्रमे २४, ६३ आणि १०८.