पी०१३५ गेला, आता गाडी आयडलिंगवरच्या ट्रिमशी अडली आहे

नवा ऑक्सिजन सेन्सर बसवूनही पी०१३५ (त्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष असल्याचा कोड) परत आला, इथपर्यंत मागच्या नोंदीत लिहिलं होतं. जुन्या सेन्सरचा हीटर खरोखरच गेलेला होता. हीटरच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये मीटर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवत होता. नव्याचा थंड रेझिस्टन्स ६ ओहम भरला, म्हणजे ठणठणीत. तरी कोड पुसून झाल्यावर थोड्याच कोल्ड स्टार्टमध्ये चेक इंजिनचा दिवा पुन्हा हजर. आज त्याचा छडा लागला, आणि दोष निघाला सेन्सरपासून बराच लांब.

सगळ्यात जास्त छळलं ते सेन्सरच्या प्लगवरच्या, म्हणजे कनेक्टरवरच्या, व्होल्टेजने. कनेक्टर काढा, किल्ली फिरवा, मीटर लावा: १२.४ व्होल्ट. फ्यूज चांगला, रिले चांगला, अर्थिंग चांगलं. कागदावर सगळं बरोबर आणि गाडी मात्र ऐकत नाही. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हीटर मात्र थंड असताना दोन अँपिअरच्या आसपास मागतो.

म्हणून इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घेतला. तो साधारण पावणेदोन अँपिअर घेतो, हीटरच्या भुकेच्या जवळ जाणारा. बॅटरीला थेट लावला तर लख्ख, प्लगच्या दोन टोकांना लावला तर पिवळसर आणि मरगळलेला. तो फरक दिसताच मी गॅरेजमध्ये मोठ्याने ‘सापडला!’ म्हणालो. पाचशे रुपयांचा असो की पन्नास हजारांचा, कुठलाही स्कॅनर हे दाखवणार नाही. ज्यांच्याकडे असा बल्ब नाही त्यांनी आज होल्डर आणि दोन वायरी जोडून ठेवा.

पुढचं काम व्होल्टेज ड्रॉपचं. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून बारीक पिन घातल्या आणि इंजिन सुरू केल्या केल्या मोजलं. बॅटरीवर १४.०, हीटरच्या दोन टोकांत फक्त ८.१. अर्थच्या बाजूला ०.३ व्होल्ट खर्च होत होते, तेवढं चालतं. प्लसच्या बाजूला मात्र ५.६! शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे हीटरला त्याच्या हक्काच्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळत होता. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट बोलत नाही. हायवेवर धुराची उष्णता पुरायची, सिग्नलला उभं राहिलं की सेन्सर थंडावायचा आणि त्याचं आउटपुट ०.४५ व्होल्टवर सपाट व्हायचं. गेले काही महिने आयडलिंगला गाडी ओपन लूपमध्ये (सेन्सरचं न ऐकता ठरावीक हिशेबाने इंधन देण्याच्या अवस्थेत) का जायची, त्याचं उत्तर इथे मिळालं.

रिलेच्या दोन्ही बाजू मोजल्या, फ्यूजच्या दोन्ही बाजू मोजल्या: ०.१ च्या आत. म्हणजे दोष फ्यूज ते कनेक्टरच्या मधल्या वायरीत. लूम (वायरींचा जुडगा) सोलत गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली टेप भाजून कडक झालेली. आत कंपनीचाच एक जोड, वर हिरवी भुकटी, आणि शाबूत तारा बोटावर मोजण्याइतक्या. बॅटरीच्या ॲसिडची वाफ वर्षानुवर्षं तिथे झिरपली असणार. सव्वा अँपिअरच्या वर करंट आणि ५.६ व्होल्ट, म्हणजे सात वॉटपेक्षा जास्त उष्णता त्या एका जोडात जिरत होती. टेप का भाजली हे वेगळं सांगायला नको.

चमकदार तांबं लागेपर्यंत दोन्हीकडे वायर कापली, मधे नवा तुकडा, क्रिंप, वर गोंदवाली हीट श्रिंक. लूमचा मार्गही बदलला, ट्रेखालून नाही, बाजूने. आता प्लसचा ड्रॉप ०.२ आणि हीटरला १३.५. पहिल्या थंड स्टार्टलाच गाडी लवकर क्लोज्ड लूपमध्ये (सेन्सरचं ऐकून इंधन देण्याच्या अवस्थेत) आली आणि सेन्सरचा ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सुंदर नाच सुरू झाला. तो ग्राफ मी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ बघत बसलो.

एक ठाम मत इथेच सांगतो. जोडून घ्यायचे ‘युनिव्हर्सल’ सेन्सर घेऊ नका, प्लगसकट येणारेच घ्या. अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधून आत जाते. तिथे सोल्डर ओतलं किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरलं की ती वाट बुजते. लूममधल्या हीटरच्या फीडला क्रिंप चालतो, सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीला हात लावू नये.

आता नवं कोडं. सेन्सर खरं बोलायला लागल्यावर आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर इंधनात सतत करत असलेली दुरुस्ती) +१४ टक्के दिसतोय, २५०० आरपीएमला +३ वर उतरतो. इनटेकची गळती असेल म्हणून कार्ब क्लीनर मारून पाहिलं, ट्रिम जागचा हलला नाही. दुसरा सेन्सर मागवायचा बेत होता, तो तूर्तास रद्द. तो कॅटनंतरचा (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढचा) सेन्सर या आकड्याला कारण असेल असं वाटत नाही.

हे लिहितानाच एक गोष्ट लक्षात आली: थंड इंजिनला एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी येणारी ती टकटक, जी गरम झाल्यावर जाते. पहिल्या सेन्सरच्या अलीकडे पॅकिंग फुटलं असेल तर आयडलिंगला दाबाच्या लाटांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण खोटंच लीन (इंधन कमी असलेलं) दिसतं. धातू तापून फुगला की फट मिटते. इनटेकच्या मागे लागण्याऐवजी आधी हेच तपासतो. उद्या इंजिन पूर्ण थंड असताना टेलपाइपमधून धूर भरून मॅनिफोल्डच्या जोडावर टॉर्च मारणार. मॅनिफोल्ड धरून ठेवणारे स्टड जुने आहेत, म्हणून पेनिट्रेटिंग ऑइल आज रात्रीच लावून ठेवलंय. असे स्टड न तुटता काढण्याची कुणाकडे खात्रीची पद्धत असेल तर स्पॅनर लावण्याआधी कळवा.