इमारत तयार होती

आमच्या भागात जीवविज्ञान उद्योग उभा राहावा, यासाठी नेमलेल्या कार्यालयात मी काम करते. परिषदा, सामंजस्य करार, पाहुण्यांना परिसर दाखवणं हे लोकांना दिसतं. खरा वेळ जातो तो जमीन, वीज, अनुदान, विद्यापीठ आणि औषध परवाना या पाच ठिकाणच्या तारखा एकमेकींना जुळवण्यात. गेल्या महिन्यात एक कंपनी त्या तारखांमध्ये अडकली. तेव्हापासून ती गोष्ट डोक्यातून जात नाही.

कंपनी इथलीच. विद्यापीठाच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रात, सुरू झालेली, प्राण्यांच्या पेशी वाढवून त्यांच्याकडून प्रतिपिंड तयार करून घेणारी. आता त्यांना माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी औषध बनवायचं होतं. टेबलावरच्या फ्लास्कमधून पेशी वाढवण्याच्या काही शे लिटरच्या टाकीत, म्हणजे बायोरिअ‍ॅक्टरमध्ये जायचं, आणि तेही जीएमपीच्या, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाच्या, नियमांत. या टप्प्याला कुणी वाली नसतो. त्याच्या अलीकडे संशोधन अनुदान असतं, पलीकडे मोठा गुंतवणूकदार असतो, आणि मधल्या खड्ड्यात चांगल्या कंपन्या पडतात.

म्हणून आम्ही त्यांना नवी इमारत दाखवायला नेलं. औद्योगिक क्षेत्राचे अभियंते बरोबर होते, आणि इमारत वेळेत उभी केल्याचा त्यांना रास्त अभिमान होता. कंपनीच्या उत्पादनप्रमुख बाई आत आल्या आणि त्यांनी आधी वर पाहिलं. खिशातून लेझर मीटर काढून फरशीपासून तुळईच्या तळापर्यंतची उंची मोजली. धूळ आणि जंतू बाहेर ठेवणाऱ्या स्वच्छ कक्षाला स्वतःचं छत लागतं. त्याच्यावर हवा आणणाऱ्या आणि नेणाऱ्या डक्ट, हवेतले सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या पेट्या आणि हे सगळं दुरुस्त करायला माणूस शिरेल एवढी जागा लागते. ती जागा तिथे नव्हती.

"साहेब, इथली हवा बाहेर कुठून जाते?"

सगळ्या मजल्यांची हवा एकाच यंत्रणेत परत येत होती. म्हणजे शेजारी कोण काय करतंय त्यावर यांच्या कक्षाची हवा ठरणार. सांडपाण्याचा नळ थेट मुख्य गटाराला जोडलेला होता. जनुकीय बदल केलेल्या जिवंत पेशींचा कचरा आधी टाकीत निष्क्रिय करावा लागतो, आणि त्या टाकीला जागाच ठेवली नव्हती. जनरेटर होता, पण तो लिफ्ट आणि दिव्यांपुरता.

जनरेटरवर त्या सर्वात जास्त वेळ बोलल्या. त्यांची सेल बँक, म्हणजे गोठवलेल्या पेशींचा साठा, द्रव नायट्रोजनमध्ये असते, ती वीज गेल्याने लगेच बिघडत नाही. धोका दाबाचा. स्वच्छ खोलीतला दाब शेजारच्या कमी स्वच्छ खोलीपेक्षा किमान १० पास्कल जास्त ठेवतात, म्हणजे हवा नेहमी स्वच्छ बाजूकडून बाहेर वाहते. १० पास्कल म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब. पंखे थांबले की तो लगेच ढासळतो. मग दोन आठवडे सांभाळलेली बॅच वापरायची की फेकायची, याची चौकशी सुरू होते.

अभियंत्यांनी शांतपणे फाइल उघडून दाखवली. "मॅडम, आमच्याकडे 'प्रयोगशाळांसाठी बहुमजली इमारत' एवढंच लिहून आलं होतं." ते खरंच होतं. ती ओळ ज्या समितीने लिहिली, तिच्यात बायोरिअ‍ॅक्टर चालवलेला एकही माणूस नव्हता. अभियंत्यांना दोष देणाऱ्या आमच्या वरिष्ठांचा मला त्या दिवशी राग आला, अजूनही आहे.

दुपारी बैठक. प्रत्येक खात्याने आपलं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं सांगितलं, आणि प्रत्येकाचे आकडे खरे होते. मग कंपनीच्या संस्थापकांनी फळ्यावर तीन तारखा लिहिल्या. उपकरणांचं अनुदान आर्थिक वर्षाच्या आत खर्च करायचं. बायोरिअ‍ॅक्टर त्यानंतर येणार. आणि इमारतीत बदल करून कक्ष प्रमाणित व्हायला त्याहून उशीर. तिन्ही खाती नियमाने बरोबर, आणि तिघांचं मिळून काम अशक्य. प्रशिक्षण संस्थेचीही तीच गत. मुलं पीसीआर उत्तम करतात, पण गाऊन घालून स्वच्छ कक्षात कधी गेलेली नाहीत, आणि बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे उत्पादनाच्या नोंदवहीत, चूक झाली तर ती कशी नोंदवायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. डब्लिनमध्ये निबर्ट या प्रशिक्षण संस्थेचं केंद्र २०११ साली उघडलं, ते नेमकं यासाठी. तिथे खऱ्याखुऱ्या उत्पादन यंत्रांवर हात बसवून घेतात.

मी बैठकीत बायोरेजिओचा विषय काढला. १९९५ मध्ये जर्मन सरकारने जैवतंत्रज्ञानासाठी प्रदेशांमध्ये ही स्पर्धा लावली. निधी हवा तर विद्यापीठं, कंपन्या, बँका आणि प्रशासन यांनी मिळून एकच आराखडा द्यायचा. १७ प्रदेश उतरले. म्युनिक, ऱ्हाइनलँड आणि हायडेलबर्गचा परिसर जिंकले. एका अधिकाऱ्यांनी लगेच सांगितलं, "ती मोठी शहरं, आपलं तसं नाही." पण त्याच स्पर्धेत येनाला विशेष पसंती मिळाली होती. पूर्व जर्मनीतलं लाखभर वस्तीचं ते शहर. भिंगं आणि सूक्ष्म उपकरणं हा त्यांचा जुना हातखंडा, आणि त्यांनी आराखडा त्याच्याच भोवती बांधला: जीवविज्ञानाला लागणारी उपकरणं आम्ही करू. लहान असणं ही सबब मला तेव्हापासून पटत नाही.

कंपनीने निर्णय कळवला. संशोधन इथेच ठेवणार, उत्पादन दुसऱ्या प्रदेशातल्या कंत्राटी कारखान्यात. आमच्या अहवालात ही नोंद 'कंपनी टिकवली' अशी गेली. मला ते मान्य नाही. बॅच का बिघडली आणि ती कशी सावरली, हे ज्ञान जिथे बॅच चालते तिथल्याच माणसांच्या हातात मुरतं. पुढची कंपनी काढणारे लोक त्यातूनच निघतात. आपल्याकडे शोध लागायचा आणि तो करायला शिकायचं दुसऱ्यांनी, याला उद्योग वाढवणं म्हणता येत नाही.

मागच्या आठवड्यात अभियंत्यांचा फोन आला. दुसऱ्या इमारतीचे नकाशे निविदेला जाण्याआधी त्यांना त्या बाईंचे सगळे प्रश्न लेखी हवे होते. मी त्या दोघांची गाठ घालून दिली आणि बाईंना समितीवर घ्यावं असा प्रस्ताव वर पाठवला. बाई यायला तयार आहेत. प्रस्तावावर शेरा आलाय: 'खासगी व्यक्तीस समितीवर घेण्याची तरतूद तपासावी.' ती तरतूद मी शोधून जोडली आहे. निविदेची तारीख त्याआधी उलटू नये, म्हणून रोज फोन करते आहे.