एडीएचडी आणि मंगळवारचा फोन

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी मला एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता हा विकार, असल्याचे सांगितले, तेव्हा ‘हुशार आहे, पण धांदरट’ या शाळेपासूनच्या शेऱ्याचा अर्थ प्रथमच उलगडला. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार प्रौढांमध्ये अवधानाच्या उणिवेची किंवा अतिचंचलतेची नऊपैकी पाच लक्षणे पुरेशी मानली जातात. मात्र त्यांतील काही बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात.

औषधाने मन स्थिरावले, तरी विजेचे बिल भरायचे राहतच होते. म्हणून एडीएचडी कोचिंग घ्यायला सुरुवात केली. कोच निदान करत नाही की औषध देत नाही. ठरवणे आणि प्रत्यक्ष करणे यांमधल्या दरीत तो सोबत उभा राहतो. माझ्या कोचबाईंनी पहिल्याच मंगळवारच्या फोनवर विचारले, “विवरणपत्र भरायचे म्हणता, पण त्यातले हाताने करता येईल असे पहिले काम कोणते?” मी म्हणालो, “कपाटातून फॉर्म १६ची फाइल काढणे.” फाइल टेबलावर येईपर्यंत त्या फोनवर शांतपणे थांबल्या. काम होईपर्यंत कुणीतरी असे नुसते सोबत असणे, याला बॉडी डबलिंग म्हणतात. मी अभ्यासाला बसलो की आई शेजारी मेथी निवडत बसायची, तेही हेच असावे, असे आता वाटते.

या व्यवसायाला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता औषध सोडायला सांगणाऱ्या कोचकडे कृपया जाऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

ती फाइल आता टेबलावरच असते, कारण कपाटात गेलेली वस्तू माझ्या मनातूनही जाते.